दहा रुपयांची नोंदणी

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, आमच्या अण्णांना कणकण आली आणि रात्री नऊपर्यंत ताप १०२ अंशांवर गेला. सोबत कोरडा खोकला होता. मानवतचे आमचे नेहमीचे डॉक्टर सणासाठी गावी गेले होते, आणि सत्तरीच्या माणसाला भर पावसात मोटारसायकलवर परभणीला नेण्याचे धाडस मला होईना. म्हणून मी मोबाइलवर ऑनलाइन डॉक्टर शोधले आणि सर्वांत वर आलेल्या जाहिरातीतील क्रमांकावर फोन केला.

पलीकडची बाई स्वच्छ मराठीत, आपुलकीने बोलली. “दादा, काळजी करू नका, फक्त दहा रुपयांची नोंदणी करायची आहे,” असे म्हणून तिने व्हॉट्सॲपवर एक ॲपची फाइल पाठवली. ती उघडताना फोनने धोक्याची सूचना दिली, तेव्हा तिने ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबायला सांगितले. त्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तीही मी दिली. पुढच्या पानावर डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक भरले. दहा रुपयांसाठी एवढे कशाला, हा प्रश्न मनात आला होता; पण शेजारी अण्णा कण्हत होते आणि मी तो बाजूला सारला.

नंतर ‘डॉक्टरांचा’ फोन आला. व्हिडिओला नेटवर्क नाही, असे त्यांनी स्वतःच सांगून टाकले. ताप किती दिवसांचा आहे, मधुमेह आहे का, दम लागतो का, यांपैकी काहीही न विचारता, रुग्णाचे वयही न विचारता, दोन मिनिटांत बोलणे संपले आणि पाच औषधांची चिठ्ठी आली. रात्रभर मी अण्णांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलो. फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

सकाळी मेडिकलवाल्यांनी त्या चिठ्ठीची प्रत उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “गुरुजी, ह्याच्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक कुठं आहे?” तो नव्हताच. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम जारी केले, त्यांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर आणि फीच्या पावतीवर देणे बंधनकारक आहे, आणि तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळून पाहता येतो. हे मला, शाळेत शिकवणाऱ्या माणसाला, औषधाच्या काउंटरवर समजले. चिठ्ठीत दोन प्रतिजैविके आणि आयब्युप्रोफेन होते. डेंग्यूची शंका असेल तर रक्तस्रावाच्या धोक्यामुळे आयब्युप्रोफेन टाळतात, असे सांगून त्यांनी फक्त पॅरासिटामॉल हातावर ठेवले. त्याचे पैसे देण्यासाठी मी फोन काढला, तर व्यवहार होईना. रात्री दोनच्या सुमारास दोन व्यवहारांत ३८,६०० रुपये गेले होते. ओटीपी माझ्याच फोनवर आले होते आणि त्या ॲपने ते परस्पर पुढे पाठवले होते.

मी तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, कार्ड बंद केले आणि ॲप काढून टाकले. पुढच्या खात्यात अडकलेले ११,००० रुपये तेवढे गोठवता आले. उरलेल्या रकमेबाबत बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले: ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. रात्री दोनला पैसे गेले आणि मी सकाळी दहाला कळवले. फोन उशाशी असता तर निदान दुसरा व्यवहार तरी थांबला असता, हे अजून सलते.

अण्णांना त्याच सकाळी गावातल्या उपकेंद्रात नेले. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी ताप, नाडी आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, आणि सरकारी ई-संजीवनीवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे करून दिले. एक रुपयाही लागला नाही. त्या डॉक्टर बाईंनी डोळ्यांच्या मागे दुखते का, पोटात दुखते का, उलट्या होतात का, लघवी नीट होते का, असे एकेक विचारले, हिरड्यांतून रक्त येते का ते ताईंना पाहायला लावले, आणि रक्ताच्या तपासणीसाठी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगितले. एनएस१ चाचणीत डेंग्यू निघाला. चार दिवस रोज प्लेटलेट तपासाव्या लागल्या, पण अण्णा चालत घरी आले. हे उपकेंद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्या सकाळपर्यंत मी तिथे केवळ पोलिओच्या डोसासाठी जात होतो.

२७,६०० रुपये अद्याप मिळालेले नाहीत. गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याने मुलीच्या खोकल्यासाठी एक जाहिरात ‘ही बरी आहे का’ म्हणून मला पाठवली. नाव वेगळे होते, फोन क्रमांकही वेगळा होता. नोंदणी मात्र दहाच रुपयांची होती.