टेट्रिओ : खेळ फुकट आहे, पण त्याची मूळ सेटिंग महागात पडते

टेट्रिओ हा ब्राउझरमध्ये चालणारा, समोरासमोर खेळायचा टेट्रिस मी बरेच महिने जवळजवळ रोज रात्री खेळते आहे. त्याविषयी सविस्तर लिहावे असे अनेकदा मनात आले होते. लिहायला बसले ती मात्र कीबोर्डच्या वॉरंटीवरून झालेल्या वादामुळे. दहा रकाने, वीस ओळी, पुढचे पाच तुकडे दाखवणारी पट्टी, एक होल्ड (तुकडा बाजूला ठेवण्याची जागा) आणि सात तुकड्यांची बॅग (सातही आकार एकेकदाच येणारा गट) या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे मी धरून चालते. खेळ चांगला आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे : तो उत्तम आहे. माझा मुद्दा असा, की या खेळात सुधारणा होण्याच्या आड जे येते, त्याचा बराच भाग बुद्धीशी किंवा बोटांच्या चपळाईशी संबंधित नसतो. तो बटण आणि तुकडा यांच्यामधल्या काही मिलिसेकंदांत असतो, आणि त्याकडे नव्या खेळाडूचे लक्ष कोणीही वेधत नाही.

आधी कीबोर्डचे सांगते. डावा बाण दाबून धरलेला असताना वरच्या बाणाने तुकडा फिरवला आणि लगेच स्पेस दाबली, की तुकडा खाली पडायला हवा. माझ्या कीबोर्डवर तो पडत नसे. स्पेस दाबली गेलेली असे, बोटाला ते जाणवलेले असे, पण पडद्यावरचा तुकडा अधांतरीच राही. मी मात्र पुढच्या तुकड्याची बटणे दाबायला लागलेली असे आणि ती याच तुकड्याला लागू होत. एक तुकडा चुकीच्या रकान्यात, त्याखाली एक भोक, आणि पुढचे तीन-चार तुकडे ते भोक उघडण्यात खर्ची. याचे कारण गूढ नाही. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात आणि प्रत्येक बटणापाशी स्वतंत्र डायोड नसतो. अशा जाळीत काही ठरावीक तीन बटणे एकाच वेळी दाबली, तर चौथेही दाबले आहे असा भास सर्किटला होतो, आणि तो टाळण्यासाठी कीबोर्ड तिसऱ्या बटणाची नोंदच घेत नाही. बाण आणि स्पेस यांची जोडणी या त्रासासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी हे तीन वेळा समजावून सांगितले. तेथे नोटपॅड उघडून प्रत्येक बटण एकेक करून दाबण्यात आले, सगळी अक्षरे उमटली, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का मारलेला कागद हातात ठेवण्यात आला. तीन बटणे एकत्र दाबून पाहा, ही माझी विनंती कोणी मनावर घेतली नाही. खोक्यावर ‘गेमिंग’ हा शब्द ठळकपणे छापलेला असताना एकाच वेळी किती बटणे नोंदवली जातील हे कोठेही लिहिलेले नसावे, ही गोष्ट मला आजही पटत नाही. नवा मेकॅनिकल कीबोर्ड घेण्याचा सल्ला तिथल्याच एका गृहस्थांनी दिला. त्याची किंमत ऐकून मी घरी आले आणि खेळाची बटणेच बदलली. फिरवण्याची तीनही बटणे डाव्या हाताच्या अक्षरांवर घेतली, बाणांकडे केवळ डावी-उजवी हालचाल ठेवली, आणि स्पेस आहे तिथेच राहू दिली. ही जोडणी त्याच कीबोर्डवर निर्धोक चालते. खर्च शून्य. शिवाय एक हात फक्त सरकवतो आणि दुसरा फक्त फिरवतो, यामुळे दोन्ही कामे एकाच क्षणी होऊ लागली, हा लाभ मला अपेक्षित नव्हता.

आता मुख्य तक्रारीकडे येते. टेट्रिओमध्ये हँडलिंग नावाचे एक पान आहे आणि माझ्या मते या खेळातील ते सर्वांत मोलाचे पान आहे. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला ‘डास’ (डीएएस या इंग्रजी अक्षरांचा उच्चार), म्हणजे बाण दाबून धरल्यावर तुकडा आपोआप सरकू लागेपर्यंतचा विलंब. दुसरा एआरआर, म्हणजे सरकू लागल्यावर एका रकान्यापासून पुढच्या रकान्यापर्यंत लागणारा वेळ. फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. मूळ सेटिंगमध्ये डास 10 फ्रेमचा, म्हणजे सुमारे 167 मिलिसेकंदांचा असतो आणि एआरआर 2 फ्रेमचा, म्हणजे सुमारे 33 मिलिसेकंदांचा. हे आकडे वाचताना क्षुल्लक वाटतात, म्हणून हिशेब मांडून पाहावा. तीन रकाने रुंदीचा तुकडा मधोमध येतो. तेथून डाव्या भिंतीपर्यंत तीन घरे आणि उजव्या भिंतीपर्यंत चार घरे असतात. मूळ सेटिंगवर बाण दाबून धरला, तर पहिले घर तत्काळ, दुसरे 167 मिलिसेकंदांनी आणि त्यानंतरची 33-33 च्या अंतराने. म्हणजे डाव्या भिंतीला 200 आणि उजव्या भिंतीला सुमारे 233 मिलिसेकंद लागतात. डास 6 फ्रेमवर आणि एआरआर शून्यावर आणला, की तुकडा 100 मिलिसेकंदांत कोणत्याही भिंतीला जाऊन टेकतो.

चाळीस ओळी शक्य तितक्या लवकर उडवणे, हा टेट्रिओमधला एकट्याने खेळायचा डाव. चाळीस ओळी म्हणजे चारशे घरे, म्हणजे किमान शंभर तुकडे. त्यांतले निम्मे जरी भिंतीकडे जात असले, तरी एका चाळीस-ओळींच्या डावात पाच-सहा सेकंद केवळ वाट पाहण्यात जातात. ज्याचा डाव दीड मिनिटाचा आहे त्याला याचे काही वाटणार नाही. पण सेकंदाला दोन तुकडे, म्हणजे 50 सेकंदांत चाळीस ओळी, या टप्प्याकडे जाणाऱ्याला हा फरक डोंगराएवढा आहे. आणि वेळेपेक्षाही वाईट परिणाम सवयीवर होतो. दाबून धरले तर तुकडा उशिरा हलतो, हे बोटांना एकदा कळले की ती दाबून धरायचे सोडून टक-टक-टक असे चार वेळा बाण मारू लागतात. ही सवय लागल्यावर ती मोडायला आठवडे जातात.

हा विलंब या खेळाच्या इतिहासातच मुरलेला आहे, हे मान्य करायला हवे. निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्रावरच्या 1989 च्या टेट्रिसमध्ये पहिला विलंब 16 फ्रेमचा आणि पुढची प्रत्येक हालचाल 6 फ्रेमची होती. तेथे 29 व्या पातळीपासून तुकडा दर फ्रेमला एक ओळ खाली येतो, त्यामुळे बटण दाबून धरून भिंत गाठणे जवळपास अशक्य होते. म्हणून त्या खेळाच्या खेळाडूंनी दाबून धरणेच सोडून दिले. 2018 च्या क्लासिक टेट्रिस जागतिक स्पर्धेत सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने बटण अतिवेगाने बडवण्याच्या पद्धतीने अनेक वेळचा विजेता जोनास न्यूबाउअर याला अंतिम फेरीत हरवले. पुढे कंट्रोलरच्या पाठीवर बोटे एकामागून एक आपटून समोरचे बटण दाबण्याची ‘रोलिंग’ पद्धत आली, आणि डिसेंबर 2023 मध्ये तेरा वर्षांच्या विलिस गिब्सनने 157 व्या पातळीपर्यंत जाऊन तो खेळ अक्षरशः बंद पाडला. त्या यंत्रावर विलंब बदलता येत नव्हता, म्हणून माणसांनी बोटे बदलली. टेट्रिओमध्ये तो दोन क्लिकमध्ये बदलता येतो, आणि तरीही नवा खेळाडू ते पान न उघडताच महिनोन्‌महिने खेळत राहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

हँडलिंग बदलल्यानंतर फिनेसचा अभ्यास सार्थकी लागतो. फिनेस म्हणजे कमीत कमी बटणांत तुकडा नेमक्या जागी पोहोचवणे. एकच उदाहरण जवळून पाहू. आडवा येणारा लांब तुकडा, म्हणजे आय, चौथ्या ते सातव्या रकान्यात येतो. तो नवव्या रकान्यात उभा टाकायचा आहे. बहुतेक जण आधी तो फिरवतात आणि मग मोजून उजवीकडे टिचकावतात. योग्य रीत अशी : उजवा बाण दाबून धरावा, तुकडा सातव्या ते दहाव्या रकान्यात भिंतीला टेकतो, मग घड्याळाच्या दिशेने एकदा फिरवावा, तो थेट नवव्या रकान्यात उभा राहतो. उलट दिशेने फिरवला तर आठव्यात. मोजणे नाही, अंदाज नाही. भिंत हीच मोजपट्टी. प्रत्येक तुकड्यासाठी, प्रत्येक रकान्यासाठी अशी एक ठरलेली बोटांची ओळ आहे, आणि सरकवण्यासाठी दोनपेक्षा अधिक वेळा बटण दाबावे लागत नाही. चाळीस ओळींच्या डावाअखेरीस टेट्रिओ फिनेसच्या चुका मोजून दाखवतो. मी बराच काळ वेळेकडे न पाहता केवळ हा आकडा पाहत होते, आणि आधी वेग मुद्दाम निम्म्यावर आणला होता. वेग नंतर आपोआप वाढला.

वरचे लिखाण मी दोन टप्प्यांत केले आहे, आणि मधल्या काळात माझे मत एका बाबतीत बदलले, ते नोंदवते. डास जितका कमी तितका चांगला, असे मी पहिल्या टप्प्यात मानत होते. आता तसे म्हणणार नाही. बोटाची साधी टिचकीसुद्धा काही क्षण बटणावर टिकते. डास त्या अवधीच्याही खाली नेला, तर एक घर सरकवण्यासाठी मारलेली टिचकी दाबून धरल्यासारखी मानली जाते आणि तुकडा थेट भिंतीवर जातो. सामन्याच्या शेवटी, हात ताठरलेले असताना, हे हमखास होते. म्हणून 6 ते 8 फ्रेम हा पल्ला बहुतेकांना पुरेसा आहे. त्याखाली जायचे ते टिचक्या आखूड झाल्यावरच. एआरआर शून्यावर ठेवण्याबाबत मात्र माझे मत जराही बदललेले नाही.

टेट्रा लीग, म्हणजे रँकसाठीचे समोरासमोरचे सामने, याबद्दल थोडक्यात. सांगलीतल्या घरगुती ब्रॉडबँडवरून परदेशातल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना अडखळायला होईल, ही भीती निराधार ठरली. आपला पट आपल्याच संगणकावर चालतो, त्यावर जाळ्यातून येतो तो केवळ समोरच्याने पाठवलेला कचरा, म्हणजे पटावर खालून चढणाऱ्या भोकाच्या ओळी. त्यामुळे पिंग, म्हणजे जाळ्यातला विलंब, वाढला तरी बटण आणि तुकडा यांच्यात अंतर पडत नाही. कचऱ्याचे गणित मात्र लवकर शिकावे. दोन ओळी एकत्र उडवल्या तर कचऱ्याची एक ओळ जाते, तीन उडवल्या तर दोन, चार उडवल्या तर चार. आणि टी-स्पिन डबल, म्हणजे टी आकाराचा तुकडा फिरवून खाचेत बसवणे, दोनच ओळी उडवून चार पाठवतो. टी तुकडा प्रत्येक बॅगेत एकदा येतोच, म्हणून टी-स्पिन शिकण्याला पर्याय नाही. पण टीकेआय किंवा डीटी कॅनन यांसारख्या पाठ केलेल्या सुरुवातींवर नवे खेळाडू जो वेळ घालवतात, तो मला अनाठायी वाटतो. सुरुवात दोन-तीन बॅगांत संपते; त्यानंतर समोरच्याने पाठवलेला, भोके विखुरलेला कचरा आणि आपण, एवढेच उरते. तो खोदून काढण्याचा सराव ज्याने केला आहे, तो देखण्या सुरुवातीवाल्याला मधल्या डावात गाठतो. येथे एक बारकावा उपयोगी पडतो : लाल पट्टीत थांबलेला कचरा, ओळ न उडवणारा तुकडा टाकला की पटावर चढतो. सलग ओळी उडवत राहिल्या, तर तो अडून राहतो आणि आपला हल्ला त्यातूनच वजा होतो. नेमक्या कोणत्या तुकड्यावर उडवणे थांबवायचे, हा निर्णय सामने जिंकून देतो.

पैशांचे म्हणाल, तर सपोर्टर होण्यासाठी शुल्क आहे, पण त्यातून मिळते ती सजावट. खेळातली ताकद एका बटणानेही वाढत नाही. सगळे डाव, रँक, रीप्ले आणि आकडेवारी फुकट आहे, आणि एवढ्या काटेकोर खेळाला फुकट म्हणताना मला संकोच वाटतो. कीबोर्डवर वाचवलेल्या पैशांतून पुढच्या महिन्यात मी सपोर्टर होणार आहे. मात्र निर्मात्यांकडे एक मागणी आहे : पहिल्यांदा खाते उघडताना, रँकचा पहिला सामना लावण्याआधी, हँडलिंगचे पान आपणहून समोर आणावे, दोन-तीन सेटिंगवर तोच तुकडा भिंतीपर्यंत नेऊन पाहायला लावावा, आणि मगच पुढे जाऊ द्यावे. तोवर, नव्याने येणाऱ्यांनी डास 8 फ्रेम, एआरआर शून्य, आणि सॉफ्ट ड्रॉपचा (बटण दाबून तुकडा भराभर खाली आणण्याचा) वेग सर्वाधिक, एवढे करूनच पहिला डाव सुरू करावा. आणि कीबोर्ड घेणाऱ्यांनी दुकानातच तीन बटणे एकत्र दाबून पाहावीत. पावती त्यानंतर फाडू द्यावी.