नोटांचा हार घरी करायचा, तर कोणता?

इंदूरच्या मराठी घरांना नोटांचा हार आता नवा नाही. नवरदेव घोडीवर बसला की गळ्यात दहा-दहाच्या नोटांची माळ, ही शेजारपाजारच्या लग्नांतून आपल्याकडे रुळलेली रीत. हल्ली मुंजीत मामाकडून आणि पंचाहत्तरीला नातवंडांकडूनही असा हार येतो. राजवाड्याच्या आसपास लग्नाच्या सामानाच्या दुकानांत तो तयार लटकलेला असतो. पण मामी, आत्या आणि पोरंसोरं मिळून रात्री जेवणं झाल्यावर जो हार ओवतात, त्याची सर त्याला येत नाही. तो करायचा ठरलं असेल तर पद्धत निवडताना मी एकच गोष्ट पाहते: गळ्यातून उतरल्यावर प्रत्येक नोट धडधाकट खर्चता आली पाहिजे.

तयार हाराबद्दल थोडक्यात. तो उलटा करून बघा. नोटा स्टेपलरच्या पिनांनी टोचलेल्या किंवा गोंदाने चिकटवलेल्या असतात, आणि किंमत नोटांच्या एकूण रकमेपेक्षा जास्त मोजावी लागते. काही हारांत तर ‘चिल्ड्रन बँक’च्या खोट्या नोटा असतात. वेळ अजिबात नसेल तरच घ्या, आणि घेताना नोटा निरखून घ्या.

घरी करायचे तीन प्रकार मला विचार करण्याजोगे वाटतात: नोटांच्या फुलांचा हार, पारदर्शक पाकिटांचा हार आणि कापडी बटव्यांचा हार.

दिसायला सगळ्यात देखणा फुलांचा. दहाची नोट 123 मिलिमीटर लांब आणि 63 रुंद असते. आखूड बाजूला समांतर अशा साधारण एकेक सेंटिमीटरच्या चुण्या घालत गेलं की बाराएक घड्यांची पट्टी होते. तिला बरोबर मध्यावर रेशमी दोरा आवळून बांधायचा आणि दोन्ही टोकं पंख्यासारखी उघडायची. एकाच नोटेचं पूर्ण गोल, सहा सेंटिमीटरचं फूल होतं. चुण्या लांब बाजूला समांतर घातल्या तर मात्र पंखा अर्धवट उघडतो आणि एका फुलाला तीन नोटा लागतात. पुष्कळजण इथेच अडतात. टोकं जुळवायला गोंद लावू नका, छोटी क्लिप पुरते. नवरदेवासाठी एकवीस फुलं, मध्ये एकेक मोती, मानेमागे नुसती साटिनची फीत, एवढ्यात हार पोटापर्यंत येतो. रंगांचाही खेळ करता येतो. दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळीधमक. त्या दोनशेच्या नोटेवर आपल्या मध्य प्रदेशातला सांचीचा स्तूप आहे, म्हणून पदकाच्या जागी मी तीच लावते. ती 146 मिलिमीटर लांब असल्यामुळे तिचं फूलही जरा घसघशीत होतं.

दोष दोन. नव्या कोऱ्या नोटेला बारा घड्या पडतात. कापसाच्या कागदाची असल्यामुळे ती फाटत नाही, आणि चार दिवस जाड पुस्तकांखाली ठेवली की बरीच सपाट होते, पण कोरेपणा जातो. दुसरं म्हणजे वैशाखातला मुहूर्त असला की घाम, हळद, कुंकू सगळं थेट नोटांवर.

पाकिटांच्या हारात नोट सपाट, कोरी राहते आणि डागही लागत नाहीत. नोटेहून जरा मोठी पारदर्शक पाकिटं खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत पाहा. भोकं पाकिटाच्या कडेला पाडायची, नोटेला हात लावायचा नाही. करायला सोपा, आठ-दहा वर्षांची मुलंही हौसेने करतात. पण प्लास्टिक गळ्याला चिकटतं, फोटोत चकाकतं, आणि पाचशेची नोट 150 मिलिमीटर लांब म्हणजे आडवी लावली तर अकरा पाकिटांतच हार मोठ्या माणसाला पुरून उरतो. लहान मुलाला तर तो लोंबकळतो.

आता बटव्यांचा हार, आणि माझं झुकतं माप इथे आहे. रिझर्व्ह बँकेने 1999 साली स्वच्छ नोट धोरण आणलं. नोटांचे हार करू नका, मांडव नोटांनी सजवू नका, समारंभात नोटा उधळू नका, असं आवाहनही ती लोकांना करत आली आहे. बँकांनाही नोटांच्या गड्ड्यांना पिना मारायची मनाई आहे. कागदी पट्टी लावावी लागते. हे मनावर घ्यायचं तर नोट हाराचा भाग न होता हारात नुसती ठेवलेली असावी, आणि बटव्यात नेमकं तेच साधतं. आजीच्या जुन्या महेश्वरीचे काठ, खणाचे उरलेले तुकडे किंवा सीतलामाता बाजारातून आणलेलं थोडं कापड घ्यायचं. आठ सेंटिमीटरचा चौकोनी बटवा शिवला की चौपदरी घडी केलेली पाचशेची नोटसुद्धा आत आरामात बसते. नाडी ओढली की झालं. अकरा बटवे फितीवर बांधले की बटूच्या मापाचा हार तयार होतो.

कुणी म्हणेल, नोटा दिसतच नाहीत मग काय मजा. मला ते उलट आवडतं. अहेर किती आला हे चारचौघांत मोजलं जात नाही, एका बटव्यात पाचशे आणि बाकीच्यांत दहा-दहा असले तरी कुणाला कळत नाही, आणि मुलगा घरी येऊन एकेक नाडी सोडत बसतो. बटवे पुढे वर्षानुवर्षं घरात वापरले जातात. शिवणकामाला वेळ लागतो हे खरं. हाती आठवडा नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

नाण्यांचा हार करायचा विचार असेल तर भोकं पाडायची नाहीत. 2011 च्या नाणे कायद्याने नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे. शिवाय दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे शंभर नाण्यांचं पाऊण किलोहून जास्त ओझं गळ्यात. एक रुपयाचं एक नाणं बटव्यात घालून रक्कम एकशे एक किंवा पाचशे एक करा, तेवढं बास.

म्हणून माझा सल्ला असा. नवरदेवासाठी, वरातीत लांबून दिसायला हवं असेल आणि रिझर्व्ह बँकेच्या आवाहनाची रुखरुख नसेल, तर फुलांचा, दहाच्याच नोटांचा. पंचाहत्तरीच्या आजोबांना पाकिटांचा चालेल. ते घटकाभर घालतात, आणि नोटा कोऱ्या मिळाल्या की त्या जपून ठेवतात. आजींना मात्र महेश्वरी काठांचे बटवेच द्या. मुंजीच्या बटूला तर निःशंक बटव्यांचाच.

मुंजीत एक पथ्य पाळा. होम चालू असताना यांतला कुठलाच हार बटूच्या गळ्यात नको, प्लास्टिकचा तर नाहीच. भिक्षावळीच्या वेळी घाला. मानेमागे फीत शिवून न टाकता सुरगाठ मारा, म्हणजे गर्दीत कुणी ओढला तरी हार सुटेल, मुलाच्या गळ्याला काचणार नाही. आणि उतरवल्यावर तो कुणाच्या हातात द्यायचा, हे आदल्या दिवशीच ठरवून त्या मावशीला किंवा काकांना सांगून ठेवा.