शिवसागरच्या काठावर आठ महिने तंबू टाकल्यावर : जागा कशी बघायची

तंबू गेल्या ऑक्टोबरात ऑनलाइन घेतला, तीन माणसांचा, वरून वेगळं पावसाचं कव्हर, फायबरचे रॉड, ५८०० रुपये. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत अकरा रात्री त्यात काढल्या, दोन कण्हेर धरणावर आणि नऊ कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली-तापोळा बाजूला. लिहायला बसलो तंबूबद्दल, पण आठ महिन्यांनी कळतंय की तंबू कुठला घेतला याच्यापेक्षा तो कुठं टाकला यावर रात्र चांगली जाते का वाईट ते ठरतं, म्हणून जास्त जागेबद्दलच लिहितोय. बघून घ्या, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

आधी आम्ही कोण ते सांगतो म्हणजे आमच्या गरजा कळतील. मी, धाकटा भाऊ आणि आमचे आण्णा. आण्णा लहानपणापासून माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गळ टाकत आलेत, वय आता सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात, पण गळ हातात दिला की तीन-तीन तास हलत नाहीत. त्यांना एकदा मोठ्या पाण्यावर रात्र काढायची होती, एवढ्याचसाठी तंबू घेतला. म्हणजे आम्हाला जागा अशी पाहिजे की तंबूला सपाट जमीन असावी, पाणी जवळ असावं, पाण्यापर्यंत जायला अवघड उतार नसावा आणि काठाला खोल पाणी असावं म्हणजे मासा लागेल. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात या चार गोष्टी एका जागी मिळायला आम्हाला जानेवारी उजाडला.

सुरुवात कण्हेरला केली कारण साताऱ्यापासून जवळ, काही विसरलं तर परत येता येतं. ज्यांनी तंबू नवीन घेतलाय त्यांनी पहिली रात्र अशीच घराजवळ काढा. खुंट्या किती ठोकायच्या, कव्हर कुठल्या बाजूनं घालायचं, हे तिथंच कळतं. बाकी कण्हेरबद्दल फार नाही सांगत, १० टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी) धरण, पाणी छान, पण वारा उघडा लागतो आणि आण्णांचं मन तिथं रमलं नाही.

मग बामणोली. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासवरून उतरायचं, ३५-४० किलोमीटर. (कासच्या पठारावर तंबू टाकायचा विचार सुद्धा करू नका, ती फुलांची जागा आहे, पायानं तुडवायची नाही.) बामणोलीला उतरताना वळणावरून पहिल्यांदा पाणी दिसतं तेव्हा आण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिले. १०५ टीएमसीचा तलाव म्हणजे काय ते तिथं कळतं, डोंगरांच्या मधल्या प्रत्येक घळीत पाणी शिरलंय, काठाला शंभर वळणं.

आणि इथंच आम्ही पहिली चूक केली. ऑक्टोबर अखेर होता, तलाव काठोकाठ भरलेला, पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फुटांच्या आसपास म्हणजे पूर्ण, हिरवं गवत थेट पाण्याला टेकलेलं. आम्ही काय केलं, एका घळीच्या तोंडाशी अगदी पाण्याकाठी सपाट गवतावर तंबू टाकला, पाण्यापासून दहा-बारा पावलं. संध्याकाळ फार सुंदर गेली. रात्री दहानंतर मात्र गारठा असा काय पडला की स्वेटर घालून पांघरूण घेऊन पण हाडं गार. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूनं पाणी ठिबकत होतं, आण्णांची उशी ओली. मी समजलो कापड गळतंय, विकणाऱ्यावर चिडलो सुद्धा. सकाळी गावातला एक तात्या म्हशी घेऊन आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "ओढ्यात झोपलायसा तुमी, डोंगराची समदी थंडी हितनंच खाली येती." खरं होतं ते. रात्री डोंगरावरची गार हवा जड होऊन घळीतनं पाण्यासारखी खाली उतरते आणि काठाच्या खोलगट जागेत साठून राहते, वर तलावाचा दमटपणा, म्हणून दव बाहेरून पण आणि आपल्या श्वासाचं पाणी आतून पण. तंबूचा काही दोष नव्हता. पुढच्या वेळी तिथूनच पाण्यापासून तीस-चाळीस फूट उंच, घळ सोडून बाजूच्या डोंगराच्या सोंडेवर तंबू टाकला, कव्हर आणि आतल्या जाळीमध्ये वीतभर फट राहील असं ताणलं, दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या, आणि सकाळी आतलं कापड कोरडं ठणठणीत.

घळीत न टाकायचं दुसरं कारण डिसेंबरात दिसलं. त्याच घळीत सकाळी मी तोंड धुवायला गेलो तर चिखलात खुरं उमटलेली, मोठ्या बशीएवढी एकेक, दोन फाकळ्यांची, आणि त्यात नुकतंच पाणी झिरपत होतं, म्हणजे तासाभरापूर्वीचीच. गवे. रात्री पाण्याला उतरलेले. जनावरं पाण्याला येतात ती घळीनं आणि ओढ्यानं येतात, कारण तीच सोपी वाट असते. आपण ऑक्टोबरात तंबू टाकला होता ती त्यांची वाट होती. तेव्हापासून आम्ही संध्याकाळी तंबू टाकायच्या आधी चिखल बघतो. ठसे, लेंडी, शेण, दबलेलं गवत दिसलं की दुसरी जागा. अन्न तंबूत ठेवायचं नाही, गाडीत. त्या भागात अस्वल आहे, बिबट्या आहे. भीती घालत नाही, पण ते त्यांचं घर आहे.

आता पाणी. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर तीन फेऱ्या वाचल्या असत्या. शिवसागरचं पाणी एका जागी राहत नाही. पावसाळ्यात भरतं आणि ऑक्टोबरपासून पाऊस येईपर्यंत उतरतच जातं, कारण इथलं पाणी दोन्हीकडं जातं, पूर्वेला धरणातून कोयना नदीत सिंचनाला, आणि पश्चिमेला बोगद्यातून पोफळीच्या वीजघराकडं. वर्षाला ६७.५० टीएमसी पाणी पश्चिमेला विजेसाठी ठेवलेलं आहे, प्रकल्प १९६० मेगावॅटचा, मग पाणी उतरणारच. आण्णांनी एक युक्ती केली, संध्याकाळी पाण्याच्या कडेला बरोब्बर रेषेवर एक दगड ठेवला आणि सकाळी बघितलं तर उभं पाणी तीन-चार बोटं खाली गेलेलं. उभं तीन बोटं म्हणजे काहीच नाही, पण काठ जर सपाट असला तर तेवढ्यातच पाणी दोन-तीन पावलं लांब जातं. तीन आठवड्यांनी तुम्ही त्याच जागी गेलात की शंभरेक फूट चिखल तुडवत जायचं. आणि सपाट काठ हाच तंबूला सगळ्यात चांगला दिसतो, म्हणून सगळे तिथंच फसतात.

जानेवारीत आम्ही तसेच फसलो. आधी बघून ठेवलेल्या मऊ सपाट काठावर गेलो, पाणी लांब गेलेलं, मधे गाळ वरनं वाळलेला, भेगा पडलेल्या, वाटलं घट्ट आहे. भाऊ पुढं चालला आणि आठव्या-नवव्या पावलाला गुडघ्यापर्यंत खाली. चप्पल आतच राहिली. मी काठी पुढं करून, तो आडवा होऊन, असा बाहेर काढला. आण्णा मागं होते म्हणून बरं, त्यांचा पाय गेला असता तर काय केलं असतं ते मला आजही विचार करवत नाही. वाळलेल्या गाळावर विश्वास ठेवू नका, काठीनं टोचून बघत जा, आणि वयस्क माणूस किंवा पोरं बरोबर असतील तर गाळाचा काठ घेऊच नका.

त्याच दिवशी दुपारी चिडून चालत चालत एका सोंडेच्या टोकाला गेलो आणि पाहिजे होती ती जागा मिळाली. डोंगराची सोंड पाण्यात शिरलेली, वर बैठकीएवढा सपाट माळ, आणि टोकाला दगडाळ, जरा उभा काठ. उभ्या काठाचा फायदा असा की पाणी फूटभर उतरलं तरी फूट-दीड फूटच लांब जातं. दगड असल्यामुळं पाय रुतत नाही. आणि टोकाखाली लगेच खोल, म्हणजे लांब फेकायची गरज नाही. आण्णांसाठी आम्ही दगडांच्या चार पायऱ्यांसारख्या जागा नीट लावून घेतल्या, खाली एक चपटा दगड बसायला. पाणी उतरलं की पुढच्या वेळी आणखी एक पायरी लावायची, एवढंच काम. मार्चमध्ये तिथं खाली जुन्या शेतांच्या ताली वर आल्या, दगडाचे बांध ओळीनं, धरणाच्या आधी इथं कुणीतरी भात-नाचणी लावत असणार. आण्णा त्या तालीवर हात ठेवून बसले होते, गळाकडं लक्ष नव्हतं बराच वेळ.

मासा म्हणाल तर त्या टोकाला काडूवर (गांडुळावर) दगडांच्या सांदीतली वाम रात्री लागली, कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून टाकली तर सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी (तिलापिया), एकदा एक रोहू दोन किलोच्या वरचा. मरळ पाहिजे तर गवताळ कडा बघा, आमच्या टोकाला ती नाही लागली. एक गोष्ट हात जोडून सांगतो, गळ टाकायच्या आधी काठावरच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारा. तलावातल्या माशावर त्यांचं घर चालतं. आम्ही विचारलं, त्यांनी जागा पण दाखवली आणि कुठं जाळी लावलेली असते ते पण सांगितलं. पाऊस पडल्यावर चढणीचा मासा अंडी घालायला वर निघतो तेव्हा तर गळ घरात ठेवा.

आणि पलीकडचा पश्चिमेचा काठ, जो फोटोत सगळ्यात भारी दिसतो, तो घेऊ नका. ते कोयना अभयारण्य आहे, १९८५ सालापासून, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथं तंबू नाही, शेकोटी नाही, गळ नाही. वासोटा किल्ल्यावर जायचं तरी परवानगी काढून बोटीनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. अलीकडच्या काठाला सुद्धा कुठल्या जागेला चालतं ते बामणोलीत वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या, आणि रान कुणाचं असेल तर मालकाला विचारा. आम्ही ज्यांच्या रानातनं सोंडेवर जातो त्या मावशींना आधी फोन करतो, थोडे पैसे देतो, त्या नाचणीच्या भाकरी आणि पावट्याची आमटी करून ठेवतात. रात्री कुणाला काही झालं तर हाकेच्या अंतरावर एक घर आहे, याची किंमत मोबाईलला रेंज नसलेल्या जागी कळते.

आता वारा. एप्रिलमध्ये उघड्या सोंडेचा तोटा पण कळला. दुपारी चारला ढग आले, वळवाचा वारा सुटला आणि पाण्यावरून जो झोत आला त्यात तंबूचा एक रॉड उभा चिरला. खुंट्या तर आधीच उपटल्या होत्या, जांभ्याच्या जमिनीत त्या हलक्या खुंट्या दोन बोटांच्या वर जातच नाहीत. आता आम्ही चारी दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधतो आणि तंबूची अरुंद बाजू तलावाकडं करतो, दार आडवं. मार्चनंतर सोंडेच्या अगदी टोकावर नाही, झाडी असेल त्या बाजूला थोडं मागं टाकतो, पण एकट्या उंच झाडाखाली नाही, वीज पडते. विकणाऱ्याकडं सुटा रॉड मागितला तर मिळत नाही म्हणाले, नवीन तंबू घ्या. ५८०० रुपयांच्या तंबूचा एक रॉड मिळू नये हे मला पटलेलं नाही. भावानं चिरलेल्या जागी पीव्हीसी पाईपचा तुकडा सरकवून वर टेप गुंडाळला, तो मेपर्यंत टिकला. बाकी कापड चांगलं निघालं, वळवाचा तासभर पाऊस आत आला नाही, चेन एकदाच अडकली, तळाचं कापड मात्र दगडावर दोन ठिकाणी घासलं, खाली ताडपत्री टाकाच.

शेकोटीबद्दल. फेब्रुवारीपासून गवत वाळून पिवळं होतं, एक ठिणगी आणि सगळा डोंगर पेटतो, वणवे आम्ही समोरच्या डोंगरावर बघितलेत, रात्रभर लाल रेघ. आम्ही गॅसचा छोटा शेगडा नेतो आणि तो पण खाली दगडावर, पाण्याजवळ. शेकोटीशिवाय मजा नाही म्हणणारे भेटतील. आण्णांना तर शेकोटी नसल्यावर तारे जास्त दिसले.

पावसाळ्यात जाऊ नका, इथं डोंगर सुटतात. जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी आल्या, घरंच्या घरं गेली, ते लोक तर पक्क्या घरात होते. तंबू म्हणजे नुसतं कापड.

मग कुणी काय घ्यावं. पोरंबाळं घेऊन पहिल्यांदाच जाताय तर गावाला लागून राहा, पाणी जरा लांब असलं तरी चालेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताळ काठ घ्या पण घळ सोडून, उंचावर. जानेवारीपासून दगडाळ सोंड. तापोळ्याकडचा वरचा भाग उथळ, तिथलं पाणी आधी हटतं, एप्रिल-मे मध्ये मासेमारीसाठी तिकडं जाऊ नका, बामणोलीच्या खालच्या अंगाला या. जायच्या आदल्या दिवशी पेपरात कोयनेची पातळी बघायची, मागच्या वेळची लिहून ठेवलेली असली की पाणी किती खाली असेल त्याचा अंदाज घरबसल्या येतो. आण्णांनी त्यासाठी वही केलीय, तारीख, पातळी, किती पायऱ्या, काय लागलं.

तंबूला पाचपैकी साडेतीन देतो, दीड कापला तो रॉडसाठी आणि खुंट्यांसाठी. सोंडेची जागा नक्की कुठली ते मात्र इथं लिहीत नाही, मावशींचं रान आहे, त्यांना विचारल्याशिवाय बरोबर नाही. तंबू धुऊन वाळवून माळ्यावर टाकलाय. शेवटच्या फेरीला आम्ही बाराव्या पायरीवर होतो, आता पावसात सगळ्या पाण्याखाली जाणार, आणि आण्णा परवा विचारत होते की ऑक्टोबरात वरच्या चार तरी जागेवर सापडतील का.