लडाखसाठी गरम कपडे भाड्याने: नौपाड्यातल्या दुकानाचा अनुभव

सप्टेंबरअखेरीस मी आणि हे लडाखला जाऊन आलो. त्यासाठीचे गरम कपडे ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानातून भाड्याने घेतले. जॅकेटचे दिवसाला 120 रुपये, डिपॉझिट 2,000.

मी सगळ्यात जाड जॅकेट मागितलं, पण दुकानातल्या दादांनी ते काढलंच नाही. आधी विचारलं, "काकू, मुक्काम कुठे कुठे? पँगाँग सरोवराला रात्र काढणार का?" हो म्हटल्यावर एकावर एक घालायचे थर समोर ठेवले. आत थर्मल, मग फ्लीस, वर पिसं भरलेलं हलकं जॅकेट. "तिथे दुपारी अंग भाजतं आणि सूर्य डोंगराआड गेला की दात वाजतात. एकच जाडजूड कोट घेतलात तर दिवसभर हातात वागवावा लागेल."

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा प्रदेश, म्हटलं की माण-खटावचं उदाहरण द्यायचे. तिथे सह्याद्री आडवा येतो, इथे अख्खा हिमालय. लेहला वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. ठाण्यात जुलैमध्ये एका दिवसात तेवढा पडून जातो. लेह 3,500 मीटरवर, पँगाँग 4,200 च्याही वर. हवा विरळ आणि कोरडी, म्हणून ऊन चटके देतं, आणि रात्री जमिनीची ऊब अडवायला ना ढग ना बाष्प. लेहच्या खोलीत पिळून टाकलेला पंचा तासाभरात कडकडीत वाळला. आमच्या घोडबंदरच्या गॅलरीत पावसाळ्यात तोच दोन दिवस दमट राहतो! स्वेटर काढताना तडतड ठिणग्या उडायच्या. कोल्ड क्रीमचं झाकण उघडलं तर न दाबताच क्रीम भळकन हातावर आलं, कारण बाहेर हवेचा दाबच कमी.

पँगाँगला पाच वाजता मी नुसत्या कुडत्यावर काठाशी बसले होते. तंबूवर डोंगराची सावली आली आणि पाच मिनिटांत सगळे थर अंगावर चढले. रात्रभर कुडकुडले नाही, याचं श्रेय त्या दादांना.

तक्रारी दोन. ह्यांच्या जॅकेटची चेन त्याच रात्री मधेच अडकली, गळ्यापर्यंत येईना. सेफ्टी पिना लावून रात्र काढली. साठीच्या माणसाला त्या उंचीवर छातीशी वारा लागणं ही साधी गोष्ट नाही, तेव्हा कपडे देण्याआधी चेन तपासायलाच हवी. परत आल्यावर सांगितलं तर त्यांनी त्या जॅकेटचं भाडं घेतलं नाही. दुसरं म्हणजे हातमोजे फार पातळ आहेत. खारदुंग ला खिंडीत फोटो काढेपर्यंत बोटं बधिर झाली. हातमोजे आणि थर्मल स्वतःचेच घ्या.

येताना हवा बिघडल्यामुळे लेहचं विमान रद्द झालं, त्यामुळे कपडे एक दिवस उशिरा परत केले. त्याचे जादा पैसे लावले नाहीत.

माझी बहीण फेब्रुवारीत जाते आहे, तेव्हा लेहला रात्री पारा उणे 10 च्याही खाली जातो. तिला याच दुकानात पाठवणार आहे. प्रत्येक चेन तीनदा वरखाली करून बघ, एवढं बजावून.