अंगठ्याला चिकटलं म्हणून घेतलेली लेबलं: आठ महिन्यांनंतर

आमचं गुहागरला घरगुती काम आहे. कोकम सरबत काचेच्या बाटलीत, आगळ पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये, आणि मोसमात आंब्याची खोकी. मार्चमध्ये लेबलं घ्यायला गेले तेव्हा सगळे करतात तेच केलं, अंगठा लावून बघितला. एक रोल अंगठा सोडेना, दुसरा जेमतेम धरत होता. पहिल्याचे वीस घेतले. दुसऱ्याचे दोन, तेही दुकानदाराने गळ्यात मारले म्हणून.

पहिला रबरी गोंदाचा, हॉटमेल्ट, म्हणजे गरम वितळवून लावलेल्या. दुसरा पाण्यात बनवलेल्या अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम गोंदाचा. माझा भाचा लोट्याला एका केमिकल कारखान्यात आहे. तो बघून हसला. "मावशी, तुझा अंगठा रबराने नाही धरलाय, राळेने धरलाय."

नुसतं रबर फारसं चिकटत नाही म्हणे. त्यात राळ घालतात, तिला टॅकिफायर म्हणतात. कधी पाइनच्या झाडाच्या चिकापासूनची, म्हणजे रोझिनची, कधी पेट्रोलियमपासूनची. राळेचे छोटे रेणू रबराच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात. मग हळू दाबलं की थर मऊ होऊन पसरतो, आणि झटक्यात ओढलं की ताठ होतो. फणसाच्या चिकातही रबरासारखा भाग नि राळ दोन्ही असतात. तो हाताला कसा बसतो ते आपल्याला सांगायला नको. तोडगाही तोच: बाटलीवर उरलेला हा गोंद खोबरेल तेलाने सुटतो.

एप्रिलपर्यंत मी खूश होते. मे महिन्यात पडवीत उन्हाकडे ठेवलेल्या बाटल्यांची लेबलं खाली घसरली. पडली नाहीत, घसरली! कडेने गोंद बाहेर आला आणि त्यावर धुळीची काळी किनार बसली. खोक्यांची टेपही त्याच जातीची. लावताना झकास बसायची, पण ठासून भरलेल्या खोक्याची झाकणं सतत वर रेटतात. रात्रभर टेम्पोत तापून वाशीला पोचेपर्यंत सहा खोकी उघडली. चिकटणं वेगळं आणि ओझं धरून ठेवणं वेगळं. राळ वाढवली की पहिलं वाढतं, पण रबराचा आतला जोर कमी होतो. त्यातून ती प्रमाणाबाहेर गेली तर थर काचेसारखा कडक होऊन चिकटपणाही जातो. फ्रिजमधल्या गार बाटलीवर लेबल लावायला गेले तेव्हा गारव्यानेही तेच झालं: उन्हात वितळणारा गोंद तिथे पुठ्ठ्यासारखा.

म्हणून सगळीकडे अ‍ॅक्रिलिक लावलं आणि जूनमध्ये तोंडावर पडले. काचेवर उत्तम, पण आगळाच्या कॅनवरून आठवड्यात कोपरे उचलले. हे प्लास्टिक कशालाच सहजी धरू देत नाही. तिथे राळवालाच गोंद बसला, आणि पावसाळाभर खोलीत सावलीत राहिला म्हणून टिकलाही. अ‍ॅक्रिलिकचं दुसरं गाऱ्हाणं म्हणजे बर्फाच्या पाण्यात बाटली बुडवली की पारदर्शक लेबलामागे दुधाळ पांढरं दिसतं. सुकलं की बहुतेक जातं. गिऱ्हाइकाला मात्र सरबतच फाटलं असं वाटतं.

ऑक्टोबरात पाहिलं तर उन्हातल्या जुन्या बाटल्यांवरचा रबरी गोंद पिवळा पडून खरखरीत झालेला. हवा नि ऊन लागून राळ बिघडते. हायड्रोजन देऊन स्थिर केलेली राळ असेल तर बराच काळ गोरी राहते, पण ती महाग.

आता बाटल्यांना अ‍ॅक्रिलिक, कोरड्या आणि गार न केलेल्या काचेवर, आणि लावल्यावर एक दिवस हात लावायचा नाही. त्याची पकड सावकाश वाढते. उरलेले अकरा रबरी रोल कॅनसाठी. खोक्यांना टेपवरून सुतळी. परवा दुकानदाराला विचारलं, नव्या रोलमध्ये राळ कुठली आहे? तो म्हणाला, "ताई, अंगठा लावून बघा की."