६५८१ की ८५८०? कमोडोर ६४ चा आवाज बिघडला तर

कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये आवाजाची चिप दोन प्रकारची येते: जुनी ६५८१ आणि नंतरची ८५८०. ती बदलण्याआधी पॉवर सप्लाय तपासा. ५ व्होल्टची लाइन ५.२५ च्या वर गेली असेल, तर नवी चिपही टिकणार नाही. मग मल्टिमीटरने चिपची २८ वी पिन बघा: ६५८१ ला तिथे १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. जुन्या, लांब बोर्डवर ८५८० नुसती खोचली तर ती जळते. पिना जुळतात म्हणून चिप जुळते असं नाही!

फिल्टरचे, म्हणजे चिपच्या आवाजाचा पोत बदलणाऱ्या भागाचे, दोन कपॅसिटरही वेगळे: ६५८१ ला ४७० पिकोफॅरड, ८५८० ला २२ नॅनोफॅरड. ते चुकले तर सूर बरोबर वाजतात, पण बास एकतर दबतो नाहीतर फाटतो. दोन्ही मूल्यं पुण्यात तापकीर गल्लीत मिळावीत. पॉलिस्टर घ्या, सिरॅमिक नको.

६५८१ चा फिल्टर नगागणिक वेगळा, चिप गरम आणि आवाजात किंचित खरखर. ८५८० स्वच्छ आणि थंड. पण तिच्यावर जुन्या गेममधले ४-बिट सॅम्पल, म्हणजे ड्रम आणि बोलणं, जवळजवळ ऐकूच येत नाहीत. चिप खराब नसते. ६५८१ च्या आउटपुटमध्ये डीसी ऑफसेट, म्हणजे एक स्थिर व्होल्टेज, असतो, सॅम्पल त्यावरच वाजतात. ८५८० मध्ये तो नगण्य. पिन २६ आणि ग्राउंडमध्ये ३३० किलोओहमचा रेझिस्टर लावला की ड्रम परततात.

अगदीच मुकी मशीन? पावसाळ्यानंतर आधी सॉकेटच्या पिना साफ करा. जुन्या गेमसाठी ६५८१ च बरी. रोज वाजवायला ८५८०.