गोव्यात शांतपणे समुद्र बघायचाय? कळंगुट आणि आगोंद, दोन्हीकडे राहून आलेला अनुभव

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. ख्रिसमसच्या आसपास कळंगुट-बागाला जाऊन निवांत पडून राहू, लाटा ऐकू असा बेत असेल तर तो सोडून द्या, तिथे ते होत नाही. त्याच गोव्यात खाली काणकोणकडे आगोंदला गेलात तर होतं, पण तिथेही विक्रेते येतात, आणि त्यांच्याशी नीट बोलता आलं तरच तुमची दुपार शांत जाते. आम्ही एकाच ट्रिपमध्ये दोन्हीकडे राहिलो, आईबाबा बरोबर होते, त्यामुळे फरक अगदी समोरासमोर बघायला मिळाला.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घरातच होती. आमचं घर सिंहगड रोडला, खिडकी उघडली की हॉर्न आणि बंद केली की उकाडा. तिला फिरायचं नव्हतं, चर्च बघायची नव्हती, फेणी तर नाहीच नाही. तिला फक्त समुद्रासमोर खुर्ची टाकून बसायचं होतं. म्हणून हा रिव्ह्यू वाचताना लक्षात ठेवा की आम्ही पार्टीवाली मंडळी नाही, ज्यांना गर्दी आणि म्युझिक हवंय त्यांना कळंगुट आवडेलच आणि त्यात काही गैर नाही.

तर कळंगुट. पुण्याहून साडेचारशे किलोमीटर गाडी चालवून आल्यावर पहिल्या दिवशी दुपारी शॅकच्या (वाळूवरच्या तात्पुरत्या हॉटेलच्या) बेडवर बसलो. आमच्या शॅकवर काही मागवलं की बेड फुकट असा हिशोब होता, तो बसायच्या आधीच विचारून घ्या, कारण नंतर बिलात बेडचे वेगळे पैसे लागलेले आमच्या शेजारच्या कुटुंबाने भोगले. आणि बसल्यापासून जी रांग लागली ती अशी, आधी वॉटर स्पोर्ट्सवाला हातात पावतीपुस्तक घेऊन, मग गॉगलवाला, मग मसाज, मग कापलेली फळं, मग पोटात रुतेल एवढा मोठा ढोल गळ्यात घालून एक मुलगा, मग टॅटूचा अल्बम, आणि मग कान साफ करून देतो म्हणणारा माणूस जो बाबांच्या कानाजवळ सळई घेऊन वाकलासुद्धा. हे शेवटचं मात्र अजिबात करू देऊ नका, कोणाला कितीही अनुभव आहे म्हणाला तरी कानाच्या पडद्याचा प्रश्न आहे, आणि ती सळई आधी कुणाच्या कानात होती हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

वॉटर स्पोर्ट्सचं जरा जास्त लिहिते कारण खरा त्रास तिथे आहे. किनाऱ्यावर हिंडणारा माणूस बहुतेक वेळा बोट चालवणारा नसतो, तो कमिशनवर गिऱ्हाईक आणणारा असतो. तो पाच गोष्टींचं पॅकेज सांगतो, पॅरासेलिंग, बनाना बोट, जेट स्की वगैरे, आकडा ऐकून स्वस्त वाटतं, पण पॅरासेलिंग किती वेळ, जेट स्की स्वतः चालवायची की मागे बसायचं, फोटोचे पैसे धरलेत का, हे काहीच पावतीवर नसतं. माझ्या भाच्याने पैसे दिले, बोटीत बसल्यावर आतल्या माणसाने सांगितलं की एवढ्या पैशात पॅरासेलिंगमध्ये पाण्याला पाय लावून मिळणार नाही, त्याचे वेगळे, आणि बोट समुद्रात असताना माणूस काय भांडणार. परत आल्यावर तो पावतीवाला दिसलाच नाही. कुणाला करायचंच असेल तर किनाऱ्यावरच्या काउंटरवर जाऊन बोर्डावरचा दर बघा, काय काय मिळणार ते कागदावर लिहून घ्या, लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लागतात का ते स्वतः ओढून बघा. आणि पोहायचं असेल तर दृष्टी कंपनीच्या जीवरक्षकांना विचारा, ते लाल-पिवळे झेंडे लावतात त्याच्या मधेच उतरायचं, फक्त लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही. ही माणसं फार चांगली बोलली आमच्याशी, बाबांना पाण्याची ओढ कुठे आहे ते हात करून दाखवलं.

आता दुसरा प्रकार. गळ्यात, हातावर, खांद्यावर माळा, पैंजण, सारोंग आणि आरशांच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या बायका. यातल्या बऱ्याच जणी कर्नाटकातल्या लमाणी समाजाच्या आहेत. लोक यांना आणि पावतीपुस्तकवाल्यांना एकाच मापाने मोजतात आणि ते मला अजिबात पटत नाही. ती बाई दिवसभर उन्हात वाळूतून चालते, माल स्वतःचे पैसे घालून आणलेला असतो, विकला नाही तर तो तिच्याच अंगावर पडतो. ती जास्तीत जास्त काय करते तर समोर बसून एकेक वस्तू काढून ठेवते आणि "दीदी, देखने का पैसा नहीं" म्हणते. त्रास होतो का, हो होतो, सलग चौथी बाई येऊन बसली की डोकं उठतं. पण तो त्रास आणि बोटीत बसवून पैसे काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि इथे आपली एक सवय आड येते. आपण पटकन "नंतर बघू" म्हणतो. पुण्यात दारावर आलेल्या माणसाला नंतर म्हटलं की तो जातो, कारण त्यालाही कळतं की हा नकार आहे. किनाऱ्यावर तसं होत नाही. नंतर म्हटलं की ती तुमचा चेहरा, बेड आणि शॅक लक्षात ठेवते आणि तासाभराने खरंच येते, आणि मग म्हणते दीदी तुम्हीच तर बोललात. ती खोटं बोलत नसते, तिने एक फेरी तुमच्या भरवशावर मारलेली असते. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी असं दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा तिच्यावर ओरडल्या, मला त्या विक्रेतीचंच वाईट वाटलं.

आईने जे केलं ते सगळ्यात भारी होतं. तिने पहिल्या बाईकडे नीट बघून, हात जोडून सांगितलं, "नको हो बाई, काही घ्यायचं नाही, पण उन्हाच्या फिरताय, जरा टेका सावलीत." ती टेकली. आणि ती चक्क मराठी बोलायला लागली, मोडकी पण व्यवस्थित समजेल अशी. गदगकडची होती, नवरा बांधकामावर, पाऊस सुरू व्हायच्या आधी शॅक उतरवतात तेव्हा ही गावी जाते आणि सीझन सुरू झाला की परत. पाणी प्यायली, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, कसलं तेल लावता विचारलं आणि उठून गेली. त्यानंतर जितके दिवस तिथे होतो तितके दिवस ती लांबूनच हात करायची, आणि तिच्याबरोबरच्या बायकाही आमच्याकडे फिरकल्या नाहीत, बहुतेक तिनेच सांगितलं असावं. म्हणजे नकार स्पष्ट आणि माणसासारखा दिला की पुरतो. गॉगलच्या आडून मान वळवून, फोनमध्ये डोकं घालून बसलात तर मात्र समोरच्याला वाटतं की अजून ठरलेलं नाहीये, आणि तो थांबतो.

घ्यायचं असेल तर घ्या, पण काय घेताय ते बघून. बहुतेक सारोंग मशीनवर छापलेले असतात, तेच तुम्हाला पुण्यातही मिळतील. मला एकीने आठशे सांगितला तो साडेतीनशेला दिला, तुळशीबागेत चालतं तसंच चालतं हे, फक्त इथे समोरच्याला उन्हाचे चटके बसत असतात एवढं भाव करताना डोक्यात ठेवा. लमाणी भरतकाम मात्र वेगळी गोष्ट आहे, कवड्या, आरसे, हाताचे टाके, कर्नाटकातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे. कापड उलटं करून बघा, मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी आणि असमान टाके दिसले तर हातचं आहे, एकसारखी साखळी दिसली तर मशीनचं. हातचं असेल तर घासाघीस करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सकाळी पहिल्यांदा आलेल्या बाईशी घ्यायचं नसताना भाव करत बसू नका, तिची भवानी व्हायची असते, भाव पाडून मग नको म्हटलं की तिचं मन मोडतं.

कायद्याचं लोक विचारतात म्हणून लिहिते. गोव्यात पर्यटनस्थळांसाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती करून दलाली, पर्यटकांच्या मागे लागून विक्री, उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं अशा गोष्टींसाठी दंड पाच हजारांपासून एक लाखापर्यंत नेलाय. दलालांसाठी हा दंड हवाच होता. पण हे सगळं फक्त विक्रेत्यांसाठी आहे असं समजू नका, आपली पुण्या-मुंबईची पोरं गाडीची डिकी उघडून वाळूत चूल मांडतात, बिअरच्या बाटल्या तिथेच टाकतात, दंड त्यांनाही आहे. दुसरीकडे २०१४ चा फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदाही आहे जो रस्त्यावर विकून पोट भरणाऱ्यांची उपजीविका जपायला सांगतो. तेव्हा माळा विकणाऱ्या बाईवर पोलीस बोलवायची धमकी देणारे पर्यटक मी बघितले आणि मला ते फार खटकलं.

मग आगोंद. पणजीहून खाली सत्तरेक किलोमीटर, शेवटचा रस्ता वळणांचा आहे, आईला गाडी लागली. पण पोचल्यावर ती खुर्चीत बसली ती सूर्य बुडेपर्यंत उठली नाही. आम्ही होतो तेव्हा एकही जेट स्की दिसली नाही, स्पीकर नाही, दिवसभरात माळावाल्या दोघी-तिघी आणि एक शहाळेवाला, बास. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे या गोव्यातल्या घरटी होणाऱ्या जागा, त्यामुळे सीझनमध्ये वनखात्याची माणसं असतात आणि घरट्यांभोवती कुंपण घालतात. रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत फिरू नका, प्रकाशाने कासवं बुजतात आणि पिल्लं भरकटतात. म्हणजे तुम्हाला जी शांतता मिळते तिच्यात कासवांचा मोठा वाटा आहे, हे मला फार आवडलं.

तोटे पण सांगते. आगोंदचं पाणी खोल आहे आणि ओढ आहे, लहान मुलांना घेऊन डुंबायचं असेल तर पाळोळे बरं, खाडीसारखा अर्धगोल किनारा आणि उथळ पाणी. पण पाळोळ्याला डॉल्फिन बघायच्या बोटीवाले रस्त्यापासूनच मागे लागतात. या दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं असेल तर पाटणे बघा. आणि एवढं खाली जायचं नसेल तर सासष्टी तालुक्यात बाणावली, वार्का, तिकडचा किनारा लांबच लांब आहे, तिथे साधा उपाय म्हणजे गाड्या जिथे लागतात तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत लांब जायचं. विक्रेते गर्दी असते त्या टोकाला असतात कारण गिऱ्हाईक तिथे असतं, तुमच्या एकट्यासाठी वाळूतून दीड किलोमीटर कोणी येत नाही. हे कळंगुटलाही कांदोळीच्या बाजूला थोडंफार चालतं. आणि वेळ, सकाळी नऊच्या आत कुठल्याही किनाऱ्यावर जा, रापण ओढणारे मच्छीमार आणि कुत्री सोडून कोणी नसतं, बाणावलीला बाबा तर जाळं ओढायला जाऊन उभे राहिले आणि कोळ्यांनी राहू दिलं.

कोकणाचं एक वाक्यात, कारण पुण्याहून वीकेंडला सगळे तिकडेच जातात: काशीद आणि दिवेआगरला शनिवार-रविवारी घोडागाडी, उंट आणि ती चारचाकी बाईक यांच्यामध्ये चालायलाही नीट जागा नसते, सोमवार ते गुरुवार जाता आलं तरच ताम्हिणी घाट उतरा.

आगोंदला आम्ही होमस्टेत राहिलो, नाव देत नाही कारण चारच खोल्या आहेत आणि ते कुटुंब फोनने वैतागेल. खोली साधी, पाण्याला जोर कमी, फिश थाळी अप्रतिम, सोलकढी रोज ताजी. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कोणी विकायला आलं तर कंपाउंडच्या आत येत नाहीत, तुम्हाला घ्यायचं असेल तर तुम्ही फाटकाशी जा, आणि हे त्यांनी विक्रेत्यांशी भांडून नाही तर बोलून ठरवलंय, त्याच बायकांना दुपारी त्यांच्या विहिरीचं पाणी भरून देतात. रेंज मधेमधे जाते त्यामुळे फोनवरून पैसे देता येतीलच असं नाही, शहाळ्यासाठी आणि छोट्या खरेदीसाठी सुटे ठेवा.

तुम्ही बुक करताना मालकाला फोन करून दोन गोष्टी नक्की विचारा, खोलीपासून सगळ्यात जवळचं पार्किंग किती लांब आहे आणि त्या तारखांना आसपास कुठे म्युझिक असणार आहे का. बाकी सगळ्यांनी आम्हाला "एकदम शांत, मॅडम" एवढंच सांगितलं. आगोंदच्या या मालकांनी सांगितलं, "शनिवारी शेजारी लग्न आहे, रात्री आवाज होणार, तुमच्या आईंना त्रास होईल, तुम्ही रविवारी या," आणि आम्ही रविवारी गेलो.